दर उतरले म्हणतात, मग माझं बिल का उतरत नाही?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, नाव देऊ नका म्हणाल्यात. थोडक्यात असं आहे. घरात चौघं, त्या, त्यांचे मिस्टर, तेरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. दोघंही कमावतात, पगार ठीक आहेत पण वाढलेत थोडेच, आणि खाण्यापिण्याचा खर्च मात्र चार-पाच वर्षांत जवळपास दीडपट झालाय. मिस्टर म्हणतात, तुझा हात सैल आहे. बातम्यांत 'जगात अन्नधान्याचे दर उतरले' असं आलं की ताईंना वाटतं मग मधे कोणीतरी लुटतंय, शेतकऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची चांदी चाललीय. आणि युद्ध, दुष्काळ, निर्यातबंदी असलं काही वाचलं की त्या घाबरून जास्तीचं सामान भरतात, तांदूळ, साखर, तेलाचे डबे, सगळं कॉटखाली. त्यावरून घरात भांडणं होतात. त्या विचारतात, 'मी साठा करते ते चूक आहे का? आणि हे सगळं नक्की कोणामुळे होतंय? मी माझं दूध आणि फळं बंद केलीत, तेवढंच जरा हलकं, पण त्याने काही फार फरक पडत नाही.'

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा साठ्याचं डोळ्यात भरलं, दुसऱ्यांदा भांडणाचं, आणि तिसऱ्यांदा ते शेवटचं वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, दूध आणि फळांचं. त्याच्याकडे मी येणारच आहे, खरं तर हे सगळं उत्तर त्याच्यासाठीच लिहितेय, पण आधी तुमच्या रागाबद्दल बोलू कारण राग खरा आहे, तो फक्त भलत्या माणसांवर निघतोय.

दर उतरले अशी बातमी येते ना, ती बहुतेक वेळा एफएओच्या इंडेक्सवरून असते. एफएओ म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, रोमला तिचं मुख्य ऑफिस आहे. ते दर महिन्याला पाच गटांचे भाव बघतात, धान्य, खाद्यतेल, दूधदुभतं, मांस आणि साखर. २०१४ ते २०१६ ची सरासरी १०० धरायची आणि आजचा भाव त्याच्या तुलनेत किती ते सांगायचं. युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्च २०२२ मध्ये हा आकडा १६० च्या आसपास गेला, तोवरचा सगळ्यात वरचा, आणि नंतर उतरत उतरत २०२३ ची सरासरी १२५ च्या आसपास आली. म्हणजे बातमी खोटी नाहीये. पण हा भाव कुठला तर बंदरावरचा, हजारो टनांनी घेतलेल्या कच्च्या मालाचा, तोही डॉलरमधला. तुमच्या हातात पॅकेट येतं तेव्हा त्यात धान्य असतंच, पण दळण्याची वीज, ट्रकचं डिझेल, गोदामाचं आणि दुकानाचं भाडं, पॅकिंग, मधल्या प्रत्येकाचा पगार हेही सगळं असतं, आणि यातलं बरंचसं धान्याबरोबर खाली येत नाही. त्यात डॉलर वधारला तर बंदरावर स्वस्त झालेला माल बाहेरून आणणाऱ्या देशाला पूर्वीइतकाच पडतो. भाव वर जातो तेव्हा आठवड्यात पोचतो आणि खाली येतो तेव्हा महिनोन् महिने रेंगाळतो, हे खरं आहे, अभ्यास करणारेही तेच सांगतात, आणि त्यात काही वेळा मधल्यांची कमाई असतेही. पण सगळा फरक म्हणजे चोरी असं नाही.

आणि एक अजून घोळ असतो. समजा एखादी वस्तू १०० ला होती, पुढच्या वर्षी १३० झाली आणि त्याच्या पुढच्या वर्षी १३४. बातमी येणार की महागाई ३० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. आणि तुम्ही १३४ देऊन घरी येणार. महागाई कमी झाली म्हणजे वाढायचा वेग कमी झाला, भाव मागे गेला असं नव्हे. हे तुमच्या मिस्टरांनाही दाखवा, कारण माझा अंदाज आहे की ते बातमीतला ३ टक्के आकडा बघतात, तुमचं दीडपट बिल बघतात आणि मधला फरक तुमच्या नावावर टाकतात.

आता कोणामुळे. तुम्हाला एक नाव हवंय, आणि मलाही कितीदा वाटतं की एक नाव मिळालं असतं तर बरं झालं असतं, निदान रागवायला. पण गेल्या वीस वर्षांत तीन मोठे भडके उडाले आणि तिन्ही वेळा चार-पाच गोष्टी एकदम जुळून आल्या. २००७-०८ मध्ये खनिज तेल महागलं, त्याबरोबर खत आणि वाहतूक महागली, अमेरिकेत मका इथेनॉलकडे वळायला लागला, गव्हाच्या काही मोठ्या देशांत पाऊस नीट झाला नाही. २०१० मध्ये रशियात भयंकर उन्हाळा पडला, शेतं आणि जंगलं जळाली, त्यांनी १५ ऑगस्टपासून धान्य बाहेर पाठवणं बंद केलं आणि तेवढ्यात गव्हाचा भाव दोन महिन्यांत दीडपटीच्या वर गेला होता. २०२२ चं तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, जगात जो गहू एका देशातून दुसऱ्या देशात विकला जातो त्याचा पावपेक्षा जास्त हिस्सा रशिया आणि युक्रेनचा, सूर्यफुलाच्या तेलात निम्म्याच्या जवळपास एकट्या युक्रेनचा, आणि काळ्या समुद्रातली युक्रेनची बंदरं एका रात्रीत बंद. तेलाचा तुटवडा झाला तसं इंडोनेशियाने, म्हणजे पामतेलाच्या सगळ्यात मोठ्या उत्पादकाने, एप्रिलच्या शेवटी स्वतःची निर्यात थांबवली, मे महिन्यात परत सुरू केली, पण तोवर जगभर व्हायचं ते झालं.

शेतकऱ्यांची चांदी म्हणताय त्याबद्दल जरा थांबा. युरिया कशापासून होतो माहितीये का, नैसर्गिक वायूपासून. हवेतला नायट्रोजन घेऊन त्याचा अमोनिया करायचा तर वायू लागतो, आणि अमोनिया बनवायच्या खर्चात सगळ्यात मोठा भाग त्या वायूचाच. २०२१-२२ मध्ये युरोपात वायू इतका महागला की खताचे कारखाने अर्धे चालवले, काही बंदच ठेवले. मग पिकाला भाव चांगला मिळाला तरी तो खतात आणि डिझेलमध्ये गेला. आणि जगातले बरेच छोटे शेतकरी एक-दोन पिकं विकतात आणि बाकीचं सगळं तुमच्यासारखं विकतच आणतात, त्यामुळे अन्न महागलं की फायदा एका खिशात येतो आणि दुसऱ्यातून त्याहून जास्त निघून जातो. ज्यांच्याकडे मोठी जमीन, मोठं गोदाम किंवा मोठी जहाजं आहेत त्यांनी कमावलं, हे खरं. पण 'शेतकरी' म्हणून जो चेहरा तुमच्या डोळ्यांसमोर येतो तो त्यांचा नाहीये.

आता साठ्याचं. २००८ मधली तांदळाची गोष्ट सांगते, ती मला फार महत्त्वाची वाटते. त्या वर्षी जगात तांदूळ कमी पिकला नव्हता, उलट विक्रमी पिकला होता. पण गहू महागतोय बघून सगळे सावध झाले. भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये बासमती सोडून बाकी तांदळाच्या निर्यातीवर बंधनं घातली, मग व्हिएतनामने आवरतं घेतलं, मग अजून काहींनी. जगात पिकणाऱ्या तांदळापैकी तेव्हा दहा टक्केही दुसऱ्या देशात विकायला जात नव्हता, बाकीचा जिथे पिकायचा तिथेच खाल्ला जायचा, त्यामुळे बाजार तसाही छोटा, त्यातून दोन-तीन मोठे विकणारे बाजूला झाले. फिलिपिन्सला तांदूळ बाहेरून लागतो, ते घाबरले आणि मिळेल त्या भावाने, लागतो त्यापेक्षा जास्त घ्यायला लागले. थायलंडचा तांदूळ चार-पाच महिन्यांत दुपटीच्या वर, टनाला हजार डॉलरच्या पुढे गेला. शेतात काहीही बिघडलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्या घरापुरतं शहाणपणाचं वाटलं ते केलं आणि सगळ्यांनी मिळून टंचाई तयार केली. आणि उतरला कसा, तर जपानकडे बाहेरून आणलेला तांदूळ गोदामात पडून होता, तो ते बाजारात सोडू शकतात एवढं मे महिन्यात कळल्याबरोबर भाव घसरायला लागले. पोती हललीही नव्हती.

तुमच्या कॉटखालचं सामान बघून मला तो तांदूळ आठवला. मी तुम्हाला दोष देत नाहीये हं. मीही केलंय. २०२२ च्या मार्चमध्ये मी सूर्यफुलाच्या तेलाचे पाच लिटरचे सहा डबे आणून ठेवले होते, घरात माणसं तीन. चौथा डबा उघडला तेव्हा उन्हाळा होऊन गेलेला, झाकण फिरवल्याबरोबर तो खवट, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला, पाचवा तसाच, आणि सहावा मी वास न घेताच बाजूला ठेवला. तांदळात टोके झाले ते वेगळंच, दोन दिवस चाळण्यात आणि उन्हात घालण्यात गेले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते डबे मी भाव अगदी शिखरावर असताना घेतले होते, त्याच वर्षात पुढे तेल उतरलं. घाबरून घेणारा माणूस नेहमी महागात महाग दिवशी घेतो, कारण भीती आणि भाव एकाच बातमीने वाढतात.

म्हणून साठा चूक आहे का, तर तीन-चार आठवड्यांचं सामान घरात असणं अजिबात चूक नाही, कोणी आजारी पडलं, पगार लांबला, पूर आला, तर उपयोगाचंच आहे. त्यापुढे गेलं की ती बचत राहत नाही, ते अडकलेले पैसे होतात, जे तुम्हाला याच महिन्यात ताज्या भाज्यांना, डाळींना, अंड्यांना लागणार होते. आणि इथेच मी त्या वाक्याकडे येते.

जगात अन्न महागतं तेव्हा ते सगळ्यांना सारखं महागत नाही. एर्न्स्ट एंगेल नावाचा जर्मन संख्याशास्त्रज्ञ होता, त्याने १८५७ मध्येच कुटुंबांचे हिशेब बघून सांगितलं होतं की घर जितकं गरीब तितका कमाईतला मोठा हिस्सा खाण्यावर जातो. ज्याचा दहावा हिस्सा जातो तो कुरकुर करतो, ज्याचा निम्मा जातो त्याच्या घरात कोणीतरी कमी जेवतं. हैतीमध्ये एप्रिल २००८ मध्ये भुकेवरून दंगली झाल्या आणि पंतप्रधानांना जावं लागलं. मदत करणाऱ्या संस्थांचं तर असं होतं की भाव वाढतात तेव्हाच मागणारे वाढतात आणि त्यांच्याकडच्या तेवढ्याच पैशात पोती कमी येतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये जगात साधारण ७३ कोटी लोक उपाशी किंवा अर्धपोटी होते. पण त्याहून मला बोचतो तो दुसरा आकडा, त्याच अहवालात, २०२२ मध्ये २८० कोटींहून जास्त लोकांना चौरस आहार परवडत नव्हता. पोट भरणारं मिळत होतं, अंग भरणारं नाही. कारण माणूस धान्य सोडत नाही, तो आधी फळं सोडतो, मग दूध, मग अंडी-मांस, मग डाळ, मग भाज्या, आणि ताट भरलेलं दिसतं त्यामुळे बाहेरून कळतही नाही.

आणि घरातही तसंच, सगळ्यांच्या ताटातून सारखं कमी होत नाही. एकीच्या ताटातून होतं.

ताई, तुम्ही दूध आणि फळं बंद केलीत, फक्त तुमची. घरात कोणाला सांगितलंत का? मला वाटतं नाही सांगितलं. म्हणजे मिस्टर तुम्हाला हात सैल म्हणतात त्याच घरात तुम्ही गुपचूप स्वतःला कमी वाढून घेताय, आणि कॉटखाली साखर आहे. यात तुमचं प्रेम आहे हे मला कळतं, पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की त्याने फार फरक पडत नाही. खर्चाला नाही पडत, शरीराला पडतो. जगात १५ ते ४९ वयाच्या बायकांत दहातल्या जवळपास तिघींच्या अंगात रक्त कमी आहे, आणि तुम्ही दिवसभर काम करून येताय. दुसरं म्हणजे तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला आता पाळी, उंची, सगळ्यासाठी जास्तच लागणार, आणि ती बघतेय की टंचाई आली की आई मागे सरते. अजून दोन वर्षांनी ती 'मला नको, छोटू घेऊ दे' म्हणायला लागेल आणि तुम्हाला ते समजूतदार वाटेल.

तर पहिलं काम हे, तुमचं दूध आणि फळं याच आठवड्यात परत सुरू. रोज महागडं फळच पाहिजे असं नाही, मोसमातलं जे स्वस्त असेल ते, पण चौघांना. पैसे कुठून, तर कॉटखालून. पुढचे दोन महिने तांदूळ, साखर, तेल नवीन आणायचं नाही, आहे ते वापरायचं, ते पैसे ताज्यावर. आणि यापुढे कुठे काटकसर करावी लागलीच तर गटाच्या आतल्या आत करा. एक डाळ महागली तर दुसरी कुठलीही, मांस परवडेना तर अंडी, ब्रँडचं पॅकेट सोडून सुटं, पण डाळ-दूध-भाजी हा गटच्या गट काढून त्या जागी नुसतं धान्य आणि साखर वाढवायची नाही. लहान मुलं आणि वयात येणारी मुलं असलेल्या कुठल्याही घरात मी हेच सांगेन.

दुसरं, एक वही करा. खूप नको, नेहमी लागणाऱ्या पंधरा गोष्टी लिहा, प्रत्येकीचा भाव आणि महिन्याला किती लागली ते वेगवेगळ्या रकान्यांत. पॅकेटवरचं वजन नक्की बघा, कारण बऱ्याच कंपन्या भाव तोच ठेवून आतला माल कमी करतात आणि आपल्याला वाटतं की आपणच जास्त वापरायला लागलो, म्हणून किलोमागे किती पडलं ते लिहायचं. तीन महिन्यांत कळेल की बिल वाढलं ते भावामुळे की प्रमाणामुळे. माझा अंदाज आहे बहुतेक भावामुळेच निघेल. पण काही तुमच्याकडूनही निघेल, साठ्याच्या रकान्यात, तेव्हा तेही मोकळेपणाने मान्य करा. वही मिस्टरांना वकिलासारखी पुढे करू नका, त्यांना एक महिना खरेदीला जायला सांगा आणि त्यांनाच लिहू द्या. हात सैल आहे हे वाक्य बहुतेक तोच माणूस म्हणतो ज्याने बरेच दिवस स्वतः काही घेतलेलं नसतं.

तिसरं फेकण्याचं. हे तुमच्या पत्रात नाहीये पण जास्त सामान भरणाऱ्या घरात ते असतंच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा हिशोब आहे की २०२२ मध्ये लोकांपर्यंत पोचलेल्या अन्नातलं जवळपास १९ टक्के वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के दुकानात किंवा हॉटेलात नाही, घरांमध्ये. एक आठवडा फक्त बघा काय टाकलं जातं, मुलांना ओरडू नका, नुसतं बघा. बहुतेक वेळा दोन-तीनच गोष्टी असतात, शिळा भात, मऊ पडलेली भाजी, अर्धवट प्यायलेलं दूध. तेवढ्यांचंच प्रमाण कमी करायचं.

निर्यातबंदीची बातमी पुढेही येणार, हवामान असं झाल्यावर तर जास्तच, कोकोचं बघा ना, पश्चिम आफ्रिकेत दोन-तीन हंगाम पाऊस आणि रोगाने बिघडले आणि मार्च २०२४ मध्ये भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. बातमी आली की त्या दिवशी काही घ्यायचं नाही एवढा एक नियम घरात करा. चार दिवस जाऊ द्या, वहीत बघा घरात किती आहे, मग ठरवा.

आणि मिस्टरांशी बोलताना सुरुवात साठ्यापासून करू नका, भावापासूनही नको. मी गेले इतके महिने दूध घेत नाहीये, इथून करा. ते तुमच्यावर चिडतात कारण त्यांना बिल दिसतं, तुमचं ताट दिसलेलंच नाही. तुम्हाला कदाचित रडू येईल, येऊ द्या.

ते डबे आज बाहेर काढा, तारखा बघून लावा, जो जुना तो पुढे. उघडलेल्या तेलाचा वास घेऊन बघा. आणि तीन महिन्यांनी वहीत काय निघालं ते मला जरूर कळवा, मी वाट बघतेय.